त्या भिंतीला हात लावायचा न्हाई

लगीन होऊन मी ह्या घरात आले तवा राज बदलून वरीस व्हत आलतं. लोक म्हनायचे, आता भ्यायचं कारन न्हाई, सैन्य आलंय, लूटमार करनारे पळाले. माझ्या बापानंबी तेच सांगून गाडीत बसवलं. पर मी उंबऱ्याशी आले आन् दरवज्जा बघितला. मधली फळी कुऱ्हाडीनं फोडलेली, त्या भगदाडात फाटकं पोतं कोंबलेलं, एका बाजूची बिजागरी तुटलेली. उगडताना तो जिमिनीवर घासत असा वरडला की मला वाटलं आत कुनीतरी मार खायलंय. मी माप वलांडलं ते तसंच, त्या वरडन्यात.

आतलं तर इचारू नका. माळवदाचं घर, तुळया जाड, पर एक तुळई मधोमध जळून कोळसा झालती, तिला खालून लाकडाचा टेकू. वरनं काजळीचे पापुद्रे पडायचे, भाकरीवर पडायचे, दुधात पडायचे, निजलं की तोंडावर पडायचे. चूल लुटारूंनी लाथा घालून फोडलेली तशीच पडलेली, तिच्या शेजारी तीन दगडं मांडून सैपाक. पानी गळून कोपऱ्यातली भुई फुगलेली, त्यात उंदरांची बिळं. देवाच्या देवळीत देव न्हवते. देव फडक्यात बांधून जवारीच्या कनगीत टाकलते, आन् देवळीत कुऱ्हाड उभी. भाजीला तेल नसलं तरी चालंल, कुऱ्हाडीला रोज तेल.

आन् जात्यावरची भिंत. माझ्या छातीपत्तोर काळातांबडा डाग, वरनं खाली वगळ आलेले, आन् मधी एक पंजा. पाची बोटं घसरत खाली आलेली.

मला काय ठावं. माझ्या माहेरी, खजुरीकडं, घर ल्हान हाय, पर माय रोज सारवायची, सनाला पांढरी माती द्यायची. नव्या नवरीनं पयल्या सकाळी काय करावं, तर घर सारवावं. मी उठले, पाटीत शेन कालवलं, पोतेरं बुडवलं आन् त्या भिंतीकडं वळले. पोतेरं टेकायच्या आदी मागनं कुनीतरी माझी वेनी धरली. सासऱ्यांनी. एक हिसडा दिला, मी उताणी पडले, मग त्येंनी पालथी करून माझं तोंड त्या शेनाच्या पाटीत दाबलं आन् दाबूनच ठिवलं. मला श्वास घेता येईना. नाकात शेन, डोळ्यात शेन.

"त्या भिंतीला हात लावायचा न्हाई," म्हनले. "पुन्ना लावलास तर हात ठिवनार न्हाई."

माझा नवरा खांबाला टेकून हुबा व्हता. बघत व्हता. हलला न्हाई.

माझं तोंड धुतलं ते थोरल्या जावंनं. तिला मी अक्का म्हनते. इधवा बाई, कपाळ पांढरं, हात भुंडे, माझ्याहून धा-बारा वरसानं थोरली आसंल. तिनं कानातलं शेन बोटानं काढलं आन् हळूच म्हनली, "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय गं?"

"काय?"

"ते माझ्या मालकाचं रगात हाय."

मग जातं वढता वढता तिनं सांगितलं. राज बदलायच्या आदी, धामधुमीच्या त्या वरसात टोळी आली. गावाची येस बंद व्हती. येशीच्या राखनदारानं ती आतनं उगडली आन् गाव सोडून पळाला. टोळी ह्याच घरात शिरली, कारन ह्याच घरात बंदूक हाय असं कुनीतरी सांगितलतं. बंदूक न्हवतीच. दरवज्जा फोडला, चूल फोडली, माळवदाला आग लावली, आन् अक्काच्या मालकाला ह्या भिंतीशी हुबं केलं. बाकीची मानसं परसदारानं पळाली, हद्द वलांडून पलीकडच्या मुलखात ऱ्हायली. मढं गावातल्या कुनीतरी घाईघाईत जाळलं. परत आले तवा राखंचाबी ठाव न्हवता. दहावं न्हाई, दिवस न्हाई, पिंड न्हाई. ऱ्हायली ती ही भिंत.

सासऱ्यांनी तवा शपत घेतली. राखनदार मरंपत्तोर सुतक फेडायचं न्हाई. आमच्यात मानूस गेलं की सुतक संपल्यावर घर सारवत्यात, भिंती धुत्यात, मग चूल पेटती, देव बाहेर येत्यात. तर सासऱ्यांनी सारवूच द्यायचं न्हाई म्हनलं. चूल घालायची न्हाई, तुळई बदलायची न्हाई, दरवज्जा जोडायचा न्हाई. धाव्या दिवशी फिटनारं सुतक आमच्या घरात वरसानुवरसं बसून ऱ्हायलं.

त्या घरात कुनी येईना. दसरा न्हाई, दिवाळी न्हाई; लगीन तेवढं लावलं, तेबी माझ्या बापाच्या दारात. आडावर बाया मला टोचायच्या.

"काय गं, तुमच्या घरचं मढं अजून निगालं न्हाई व्हय?"

"निगालं आसतं तर हिच्या अंगाला असा वास आला आसता का, बाई!"

हसायच्या. मी घागर भरून खाली मान घालून यायची.

दिवस मावळताना सासरे त्या भिंतीम्होरं दिवा लावायचे आन् माझ्या नवऱ्याला हाक मारायचे. ह्येंनी जायचे, भावाच्या त्या पंज्यावर आपला पंजा ठिवायचे. सासरे इचारायचे, "कवा?" ह्येंनी म्हनायचे, "गावला की." एवढंच. मग जेवायला बसले की ह्येंच्या हातातनं घास सांडायचा, आन् भाकर जरा करपलेली निगाली की ताट माझ्या अंगावर. लाथ, बुक्की, हातात यील ते. मला लई दिवसांनी कळलं, हा मानूस भ्याला की मारतो. त्येच्या बापाला भ्यायचा आन् मला मारायचा. कळून मार कमी लागत न्हाई म्हना.

मला दिवस गेले. पयलं बाळतपन माहेरी करायचं, बाप गाडी घेऊन न्यायला आला. सासऱ्यांनी गाडीचा बैल उंबऱ्यातनंच माघारी हानला.

"माझा नातू ह्या भिंतीम्होरं जलमंल," म्हनले.

बाप म्हनला, "आवं पाव्हनं, सुतकाच्या घरात बाळतीन..."

"तुमी गप बसा. तुमचं पोरगं कुनी भिंतीला टेकवून मारलं न्हाई."

बापानं गाडी वळवली. तो गेला आन् मी ऱ्हायले.

मी त्याच खोलीत बाळत झाले. अक्कानं नाळ कापली. पोरगं झालं. वरनं काजळी पडली ती त्येच्या वल्या अंगाला चिकटली, अक्का ती पुसत बसली. बाराव्या दिवशी बारसं व्हायला पायजे, पर सुतकाच्या घरात पाळना बांधत न्हाईत. सासरे म्हनले, "त्येचं नाव ठरलंय. त्येच्या काकाचं नाव. पर सुतक फिटल्यावर ठिवायचं. आन् ह्या बापाच्या हातून न्हाई झालं तर त्यो करील. त्यो कुऱ्हाड उचलायपत्तोर मी मरत न्हाई."

नवऱ्यानं मारलेलं मी सोसलं आसतं, बाया हसल्या तर हसू द्या, मला एकच भ्या लागलं, माझं लेकरू त्या कुऱ्हाडीखाली वाढनार आन् एक दिवस ती घेऊन जानार. मग तेबी कुन्या भिंतीवर पंजा ठिवून मरंल. न्हाईतर दुसऱ्याचा पंजा उठवून फासावर जाईल.

बिननावाचं लेकरू रांगाया लागलं. आडावर नवी गंमत झाली. "बघा, बिननाव्याची माय आली." मी त्येला लेकरू म्हनायची, अक्काबी लेकरू म्हनायची.

एक दिवस मी परसात गवऱ्या थापायलते. लेकरू आत व्हतं, अक्का पान्याला गेलती. सासऱ्यांचं हसनं ऐकू आलं. ह्या घरात मी कदी हसनं ऐकलं न्हवतं, मनून धावत आत आले. लेकरू भिंतीशी हुबं ऱ्हायलतं, दोनी हात भिंतीला लावून, आन् जीभ काढून भिंत चाटायलतं. ल्हान लेकरं माती खात्यातच, माझ्या भावानंबी खाल्ली, पर हे ती भिंत चाटायलतं. तो डाग. व्हट काळे, हनुवटीवर तांबूस लाळ.

मी झडप घातली तर सासऱ्यांनी मला कोपरानं ढकललं.

"चाटू दे! काकाचं रगात हाय त्येच्या, अंगी लागंल!"

डोळ्यात पानी व्हतं त्येंच्या. खुशीचं. मी लेकराला वढून घेतलं, बोट घालून तोंडातली माती काढली, ते रडाया लागलं, मी रडाया लागले, आन् त्या म्हाताऱ्यानं माझ्या पाठीत काठी घातली, एक, पुन्ना एक, लेकरू कडंवर आसताना. मी परसात पळाले, शेनाच्या ढिगामागं बसले, लेकराच्या तोंडाचा वास घेत बसले. मातीचाच वास व्हता. नुस्ता मातीचा.

त्याच हप्त्यात बातमी आली. सडकंवर मोटारीनं जानाऱ्या एका गाववाल्यानं सांगितलं, राखनदार मन्नाएखेळ्ळीला दिसला, बाजारच्या दिवशी, भज्याच्या दुकानाशी. सासऱ्यांनी कुऱ्हाड उतरवली, दगडावर घासत बसले. ह्येंनी ती घोंगड्यात गुंडाळून बघितली, कशी दिसती ते. मला म्हनले, "बाजाराच्या दिवशी जानार हाय." तोंड पिठासारखं झालतं. मी म्हनलं, "जाऊ नगा." तर थोबाडीत दिली. मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन वकले.

बाजाराच्या आदल्या दिवशी बाप-लेक दोघं रानात गेले, गुरांची चार दिसांची वैरन काढून ठिवायला. मी लेकराला झोळीत निजवलं. अक्का जात्यावर बसलती. मी काय केलं ते मलाच कळंना, मी पाटी घेतली, पांढरी माती घेतली, पानी वतलं, कालवाया लागले. निम्मं पानी भुईवर सांडलं.

अक्कानं जातं थांबवलं. "काय करायलीस?"

"सारवायलेय."

"मारून टाकतील."

"टाकू द्या. अक्का, सुतक फिटलं तर ह्येंनी कशाला जातील? सुतक फिटलं तर लेकराला कशाला..." मी पुन्ना माती कालवाया लागले.

अक्कानं हाताचं पीठ झाडलं. मग म्हनली, "इतकी वरसं मी ह्या भिंतीम्होरं दळायलेय. डोळा वर केला की मालकाचा हात. मला कुनी इचारलं न्हाई, बाई, तुला ठिवायचीय का ही भिंत, का पुसायचीय." आन् उठून पदर खवला.

मी पयला हात दिला. भिंत पांढरी झाली. मला वाटलं झालं. पर माती वाळाया लागली तसा डाग वर आला. आधी पिवळा, मग तांबडा, मग पंजाबी दिसाया लागला. पुन्ना हात दिला, पुन्ना वर आला. मी रडकुंडीला आले. "अक्का, ह्यो जाईना!"

"असा जात न्हाई. वरनं लिंपून काय व्हतंय, खालचा गिलावा काढावा लागतो," म्हनली, आन् कोपऱ्यातलं खुरपं घेऊन आली.

भिंतीवर पानी मारलं, भिजू दिलं, मग अक्का खरवडाया लागली. पोपडे सुटून खाली पडायले, मी पाटीत गोळा करायले. समदं झालं, पंजा ऱ्हायला. अक्कानं त्याच्यावर आपला हात ठिवला. तिचा ल्हान पडला. तशीच हुबी ऱ्हायली. मग खुरपं लावलं.

पाटी भरली. मी म्हनलं, "उकिरड्यावर टाकून येते."

"खुळी का काय!" अक्का म्हनली. "ह्यो मानूस हाय. दुसरं काय गावलं त्येचं आमाला?"

तिनं पाटी डोस्क्यावर घेतली, मी लेकराला घेतलं, वढ्यावर गेलो. तिनं मूठमूठ माती पान्यात सोडली. पानी तांबूस झालं आन् व्हाऊन गेलं. एका दगडावर भाकरीचा तुकडा ठिवला. आमी मागं सरलो न्हाई तवर कावळा आला आन् तुकडा उचलून गेला.

"वाटच बघायलता," अक्का म्हनली, आन् तवा रडली. मी तिला पयल्यांदा रडताना बघितलं.

घरी येऊन भिंतीला चिखल लावला, वरनं पांढरी माती दिली. हात वले आसतानाच दरवज्जा वरडला, बाप-लेक आत आले.

सासऱ्यांनी आधी भिंतीकडं बघितलं. मग भुईवर, मग भिंतीकडं. मग दाव्याजवळचा आसूड घेतला. पयला फटका माझ्या तोंडावर, दुसरा हातावर, मी लेकराला पोटाखाली धरून जिमिनीवर पडले, तर पाठीवर, मानंवर, मोजलं कुनी. आसूड टाकून लाथा घालाया लागले. माझ्या डाव्या हाताचं बोट तवा मोडलं, ते आता वाकडंच हाय. अक्का मधी आली. त्येंनी देवळीतली कुऱ्हाड वढली आन् दांड्यानं अक्काच्या खांद्यावर हानली, कड्‌ असा आवाज झाला, अक्का भिंतीला टेकली, वल्या मातीला, पर बाजूला झाली न्हाई.

"मारा," म्हनली. "त्येंना हितंच मारलं, मलाबी हितंच मारा. पर माझा नवरा हाय त्यो. मी त्येला सोडून आले. वढ्याला दिवस घातला. कावळा शिवला. सुतक फिटलं, मामा."

म्हाताऱ्यानं तिला झिडकारलं आन् भिंतीवर कुऱ्हाड घातली. पांढरी माती उडाली, खाली चिखल. पुन्ना घातली, दगड लागला, ठिनगी उडाली. मग कुऱ्हाड टाकून नखानं उकराया लागले. "कुठं हाय? कुठं हाय माझं पोरगं?" नखात पांढरी माती, बोटाला रगात आलं, तरी उकरायलेत. "कुठं टाकलं रांडांनो?" नुस्ती माती निगायली. कसलाच डाग न्हाई. त्येंचंच रगात तेवढं लागायलतं भिंतीला. ते बघून पुन्ना माझ्याकडं वळले, कुऱ्हाडीकडं हात नेला.

त्येंच्या हातात यायच्या आधी ती ह्येंनी उचलली. मी डोळे मिटले, वाटलं आता ह्येंनीच. पर ह्येंनी बापाचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की म्हातारा वरडला.

"बस झालं, अप्पा," म्हनले. "बस झालं. मला जमत न्हाई. मला कदीच जमनार न्हवतं."

आन् बाहेर जाऊन कुऱ्हाड आडात टाकली. आडावरच्या बायांना चार दिस पुरंल एवढं बोलायला झालं.

दुसऱ्या दिवशी तरीबी ह्येंनी बाजाराला गेलेच. मी दिवसभर दरवज्ज्यात बसले, सुजलेल्या डोळ्यानं काय दिसनार. सांजच्याला आले. मी इचारलं, "गावला?"

"गावला. भजी खायलता."

"आन् तुमी?"

"मी समोर जाऊन बसलो. त्येनं वळखलं. पळायलाबी उठंना. म्हनला, येस उगडली न्हाई तर तुझ्या पोरीला चिरतो म्हनले टोळीवाले मला." ह्येंनी हात चोळत बसले. "मग मीबी भजी खाल्ली. भूक लागलती."

तवापासून मार बंद झाला असं म्हनलं तर खोटं व्हईल. पर कमी झाला. सासरे आत येत न्हाईत. बाहेर वट्ट्यावर जेवत्यात, वट्ट्यावर निजत्यात, माझ्याशी बोलत न्हाईत. आता लोक आमचा मुलूख कानडीत जायचा म्हनायलेत, राज पुन्ना बदलनार. ते ऐकून मी पयलं दरवज्ज्याला नवी फळी मारून घ्या म्हनलं. मारली.

बारसं केलं ते भिंत वाळल्यावर. कनगीतनं देव काढले, देवळीत मांडले. त्या काळ्या तुळईच्या शाबूत टोकाला पाळना बांधला. नाव सांगायला आत्या लागती, ह्येंना बहीन न्हाई. बाया म्हनल्या, कुनीतरी सवाशीन बघा. मी म्हनलं, अक्का सांगंल. बाया एकमेकीकडं बघाया लागल्या. एक जन म्हनली, "अगं, इधवंनं?" मी म्हनलं, "हिनंच नाळ कापली." निम्म्या उठून गेल्या. निम्म्या ऱ्हायल्या, घुगऱ्या व्हत्या मनून का काय.

अक्का वाकली. खांदा नीट जुळला न्हवता, मनून दुसऱ्या हातानं टेकून वाकली. लेकराच्या कानात कुर्र केलं आन् नाव सांगितलं. ऱ्हायलेल्या बायांनी तिच्या पाठीत बुक्क्या घातल्या, रीतीपरमानं. इतक्या वरसात तिला कुनी हात लावला न्हवता, ती हसाया लागली, दुखत आसताना.

बाहेरनं वट्ट्यावरनं आवाज आला. "काय ठिवलं?"

अक्कानं मोठ्यानं सांगितलं. ते नाव मी हितं सांगत न्हाई, ते त्येचं त्येनं वागवावं.

म्हातारा वट्ट्यावर खाकरला. मग म्हनला, "आपल्या घरात त्या नावाचं कुनी झालंच न्हाई कदी."

"न्हाईच झालं," अक्का म्हनली.

मग बाहेरनं हळूच ते नाव ऐकू आलं, अडखळत, जीभंला नवं मनून. लेकरानं पाळन्यात उठून बसून दरवज्ज्याकडं बघितलं आन् खाली उतरायला धडपडाया लागलं. मी त्येला धराया उठले. अक्कानं माझा पदर वढला.

"बस गं. जाऊ दे त्येला. अजून भ्यायलीस व्हय?"

"भ्यायलेय," मी म्हनलं.

पर बसले.